४२ बटणांचा कॉर्न, ५८ चा सोफल की सरळ मूनलँडर? (इनस्क्रिप्ट मराठी + कोडिंग)

मुलुंड_टंकक

स्प्लिट (दोन तुकड्यांचा) कीबोर्ड घ्यायचं नक्की आहे, आकारावर गाडी अडली आहे. यादीत तीन आहेत: कॉर्न (४२ बटणं), सोफल (५८ आणि दोन फिरत्या घुंड्या) आणि मूनलँडर (७२). निम्मं काम पायथन आणि एसक्यूएल, निम्मं मराठी लेखन. मराठी इनस्क्रिप्टनेच (मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे असलेली प्रमाण मांडणी), विंडोज ११ वर. टेबल लहान आहे आणि दोन भागांच्या मधे वही ठेवायची असते, म्हणून मन कॉर्नकडे झुकतं. सोल्डरिंग जमतं.

अडचण अशी की ‘४२ पुरतात’ म्हणणारे सगळे २६ अक्षरांच्या हिशोबाने बोलतात. इनस्क्रिप्टवाल्यांनी सांगा:
१) नंबर रो नसेल तर मराठीत नेमकं काय अडतं?
२) होम रो मॉड्स (मधल्या ओळीतली अक्षरं धरली की कंट्रोल, शिफ्ट वगैरे) मराठीत चालतात का?
३) मोठा घेतला की हे प्रश्न आपोआप सुटतात का?

---

पायमोडका_ष

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथेच वाया जातात: नाही, सुटत नाहीत. इनस्क्रिप्टला रो कमी पडत नाहीत, उजव्या हाताचे कॉलम कमी पडतात.

नेहमीच्या कीबोर्डवर उजव्या हाताची वरची ओळ बघा: ब ह ग द ज, पुढे ड, पुढे नुक्ता (शिफ्टसह ञ), शेवटी ॉ (शिफ्टसह ऑ). आठ बटणं झाली. कॉर्न असो, लिली५८ असो वा सोफल, उजव्या भागात कॉलम सहाच. म्हणजे ड पर्यंत जागा आहे, आणि तीसुद्धा बहुतेक तयार कीमॅपमध्ये (कुठल्या बटणावर काय ते ठरवणाऱ्या मांडणीत) बॅकस्पेसने अडवलेली असते. ५८ चा बोर्ड घेऊनही ञ आणि ॉ बाहेरच राहतात. मूनलँडरच्या वरच्या तीन ओळींत सात कॉलम आहेत, तरी एक कमीच.

आता नंबर रो. शिफ्ट धरून मिळणारे क्ष, त्र, श्र, ज्ञ, रकार, रफार हे सगळं तिथे असतं, पण ते सोयीपुरतं. क + पाय मोडणे + ष केलं की क्ष होतो. रकार म्हणजे पाय मोडून र, रफार म्हणजे र चा पाय मोडून पुढचं अक्षर. फक्त ज्ञ जोडून लिहायचा तर ञ लागतो, म्हणून त्याची सोय वेगळी करावी लागते. खरोखर अडतात ती चार चिन्हं: ृ आणि ऋ (बरोबरच्या चिन्हाचं बटण), विसर्ग (शिफ्ट + उणे) आणि ॅ (शिफ्ट + २). यातलं ॅ सर्वात जास्त लागतं. बॅटरी, लॅपटॉप, मॅडम, पानोपानी आहे.

३६ किंवा ३४ बटणांच्या बोर्डाचा विचार असेल तर सोडा. तिथे उजवीकडे पाचच कॉलम, म्हणजे ड ढ बरोबर ट ठ सुद्धा जातात. मराठीत ते लेयरमध्ये (त्याच बटणांना दुसरे अर्थ देणाऱ्या थरात) टाकणं म्हणजे शिक्षा आहे.

कॉर्न ४२ वर मराठी बसवायची मांडणी अशी:

उजवा बाहेरचा कॉलम वरून खाली ड, ट, ॉ. तिथली बॅकस्पेस आणि शिफ्ट अंगठ्यांवर न्यायची. अंगठ्यांची सहा बटणं डावीकडून: लेयर १, शिफ्ट, स्पेस | एंटर, बॅकस्पेस, लेयर २.

ृ साठी जागा शोधायची गरजच नाही. डाव्या खालच्या ओळीतलं पहिलं बटण (इंग्रजी झेड) इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व ए ची मात्रा देतं. ती दक्षिणेच्या भाषा देवनागरीत लिहिण्यासाठी आहे, मराठीत शून्य उपयोग. फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘मराठी’ नावाचा लेयर करून त्या जागी बरोबरच्या चिन्हाचा कोड ठेवा. साधं दाबलं की ृ, शिफ्टसह ऋ.

ॅ आणि विसर्ग कॉम्बोवर, म्हणजे दोन बटणं एकदम दाबून. इंग्रजीत कॉम्बो चुकून लागतात, कारण कुठलीही दोन अक्षरं शेजारी येऊ शकतात. मराठीत एका व्यंजनाला दोन मात्रा लागत नाहीत, त्यामुळे डाव्या हाताच्या मात्रांच्या जोड्या जवळजवळ मोकळ्या आहेत. पण ा + ी ही जोडी घेऊ नका. बटणं तीच राहून शिफ्टने आ, ई होतात, आणि ‘आई’, ‘बाई’, ‘काही नाई’ भरभर लिहिताना कॉम्बो पेटेल. ै + ा वर ॅ ठेवा, ौ + ै वर विसर्ग. क्यूएमके या फर्मवेअरची मूळ कॉम्बो मुदत ५० मिलिसेकंद आहे, ती पुरते.

ज्ञ लेयर २ मध्ये ज च्याच जागी: तिथे शिफ्ट + ५ चा कोड टाकायचा. लिनक्सवर गेलात तर हे लक्षात ठेवा की तिथल्या मूळ मांडणीत एका बटणाला एकच युनिकोड अक्षर देता येतं, ज्ञ सारखी जोडाक्षरं एका दाबात येत नाहीत. आयबस-एम१७एन हे टंकलेखनाचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, नाहीतर ज + पाय मोडणे + ञ.

---

लेयर_शून्य

वरची मांडणी पटली. होम रो मॉड्सबद्दल मात्र कोणी ‘सवय होते’ म्हणालं तर ऐकू नका. सवयीने सुटणारी अडचण नाही ही.

होम रो मॉड म्हणजे बटण टपकन दाबलं तर अक्षर, धरलं तर कंट्रोल, शिफ्ट वगैरे. चुका टाळायला हल्ली एक नियम वापरतात: पुढचं बटण त्याच हाताचं असेल तर अक्षरच समजायचं, दुसऱ्या हाताचं असेल तरच मॉड होऊ द्यायचा. क्यूएमकेत २०२५ मध्ये कॉर्डल होल्ड नावाने हे आलं, झेडएमके या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये होल्डसाठी (बटण धरण्यासाठी) बटणांच्या जागा ठरवून देता येतात. इंग्रजीत उत्तम चालतं.

इनस्क्रिप्टची रचनाच उलटी आहे. मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे, म्हणजे जवळपास प्रत्येक अक्षर हात बदलूनच लिहिलं जातं. नियमाचं संरक्षण नेमकं तिथेच संपतं. क वर कंट्रोल ठेवला असेल, परमिसिव्ह होल्ड (धरलेल्या बटणाच्या आत दुसरं दाबून सोडलं की मॉड मानणारा पर्याय) चालू असेल आणि क सुटायच्या आत मात्रा दाबून सोडली गेली, तर ‘की’ लिहिताना ब्राउझर रिफ्रेश होतो, ‘कू’ ला नवा टॅब उघडतो आणि ‘कैरी’ लिहिताना चालू टॅब बंद होतो. दुसरं बटण दाबल्याबरोबर मॉड मानणारा पर्याय चालू असेल तर बोलायलाच नको.

मग लोक दुसरा उपाय सांगतात: सलग टायपिंग चालू असताना मॉड बंद ठेवायचे. क्यूएमकेत फ्लो टॅप, झेडएमकेत आधीच्या विश्रांतीची मुदत, साधारण १५० मिलिसेकंद. याने कंट्रोलचा त्रास थांबतो, पण शिफ्ट मरते. इंग्रजीत शब्दाच्या मधे शिफ्ट क्वचित लागते. मराठीत ‘आठवण’ या चार अक्षरांत आ, ठ, ण तिन्ही शिफ्टची, ‘शाळा’मध्ये निम्मी. उजवी शिफ्ट र वर असेल तर वेगात ‘पाणी’ची ‘पारमी’ होते, कारण मॉड न लागता र उमटतो आणि ण च्या जागी म येतो. डावी शिफ्ट ऱ्हस्व वेलांटीवर असेल तर ‘बाळ’ लिहिताना ा नंतर एक अनाथ वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळासकट दिसते.

म्हणून: होम रो मॉड्स इंग्रजी लेयरवर हवे तर ठेवा, मराठी लेयरवर पूर्ण काढा. शिफ्ट अंगठ्यावर, वन-शॉट केली तर आणखी बरं. दाबून सोडायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं. कंट्रोल डाव्या बाहेरच्या कॉलममध्ये, साधं. हा बाहेरचा कॉलम आहे म्हणूनच मी ४२ च्या खाली जायला नको म्हणेन.

आता जो प्रश्न विचारला नाहीत पण पहिल्याच दिवशी येईल तो. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा कोड पाठवतो. अक्षर विंडोज ठरवतं. त्यामुळे मराठी चालू असताना तुमचा छान रचलेला चिन्हांचा लेयर बिघडतो: ‘ॲट’च्या जागी ॅ, हॅशच्या जागी रकार, महिरपी कंसाच्या जागी ढ आणि ञ. बोर्डाला कळायला हवं की आत्ता कुठली भाषा आहे, आणि ते त्याला कधीच आपणहून कळत नाही.

विंडोज + स्पेस आणि लेयर टॉगल असं एकच मॅक्रो करू नका. टास्कबारवरून एकदा भाषा बदलली की बोर्ड आणि संगणक उलटसुलट होतात आणि मग तसेच राहतात. दोन वेगळी बटणं ठेवा. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडा, इंग्रजीला डावा ऑल्ट + शिफ्ट + १ आणि मराठीला डावा ऑल्ट + शिफ्ट + २ द्या. कंट्रोल + शिफ्टचा पर्यायही असतो, पण तो एक्सेलच्या शॉर्टकटांना धडकतो. मग ‘इंग्रजी’ बटण पहिला कोड पाठवून मराठी लेयर बंद करेल, ‘मराठी’ बटण दुसरा पाठवून तो चालू करेल. गोंधळ झालाच तर हवं ते बटण पुन्हा दाबायचं, दोन्ही बाजू जुळतात. खिडकीगणिक वेगळी भाषा लक्षात ठेवण्याचा पर्याय तेवढा बंद ठेवा.

---

कथील_आणि_धूर

बांधणीपुरतं लिहिते.

कॉर्नला प्रत्येक बटणाला एक डायोड, म्हणजे ४२, सोफलला ५८ आणि घुंड्यांच्या दाबाचे वेगळे. १एन४१४८डब्ल्यू, एसओडी-१२३ आकाराचे. ८-१० जास्तीचे घ्या, चिमट्यातून उडाले की सापडत नाहीत. डायोडवरची बारीक रेघ आणि पीसीबीवरची (सर्किटच्या पाटीवरची) खूण एकाच बाजूला. एखादाच उलटा लागला तर फक्त ते बटण मुकं राहतं, अख्खा कॉलम मुका असेल तर दोष कंट्रोलरच्या पायांत शोधा.

कंट्रोलर (दर भागाची चिप असलेली छोटी पाटी) जुन्या प्रो मायक्रोचा घेऊ नका. त्या चिपमध्ये ३२ केबी जागा, बूटलोडर वजा जाता सुमारे २८. व्हायल (संगणकावरच्या खिडकीतून बटणं बदलू देणारं फर्मवेअर), कॉम्बो, ओलेड (छोटा पडदा) आणि दिवे एकत्र मावत नाहीत, आणि वर सांगितलेल्या मांडणीला कॉम्बो हवेतच. शिवाय त्याचं मायक्रो यूएसबीचं तोंड पीसीबीवरून उखडतं. प्रो मायक्रोच्याच आकारात आरपी२०४० चिपचे टाइप-सी वाले मिळतात, ते दोन घ्या.

दोन भागांमधली टीआरआरएस वायर (हेडफोनसारख्या पिनची) यूएसबी चालू असताना कधीच काढू-घालू नका. पिन आत सरकताना वीज आणि ग्राउंड क्षणभर एकमेकांना टेकतात आणि कंट्रोलर जातो. आधी यूएसबी काढायची, मग ही.

स्विच ठरवल्याशिवाय पीसीबी मागवू नका. नेहमीच्या उंचीचे एमएक्स, आणि दुसरे चॉक. चॉक पातळ असतात, पण त्यांचे सॉकेट वेगळे, कीकॅप वेगळ्या, आणि चॉकच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीचे स्टेमही (कीकॅप बसते ती दांडी) एक नाहीत. देवनागरी छापलेल्या कीकॅप हव्या असतील तर एमएक्सच घ्या, चॉकमध्ये पर्याय फार थोडे.

वायरलेस करणार असाल तर बोर्ड बॅटरीशिवाय मागवा, सुट्या लिथियम बॅटऱ्या हवाई पार्सलमध्ये अडकतात. कंट्रोलरखाली ३०१२३० मापाची बसते: ३ मिमी जाड, १२ रुंद, ३० लांब, साधारण ११० एमएएच. दोन भागांना दोन.

आणि सोफलबद्दल एक: खालच्या ओळीत दर हाताला पाच बटणं आहेत म्हणून पाचही अंगठ्याची धरू नका. आरामात दोन, फार तर तीन. बाकीची क्वचित लागणाऱ्या गोष्टींसाठी.

---

मुलुंड_टंकक

कनाटा नावाचं सॉफ्टवेअर टाकून लॅपटॉपवरच वरची मांडणी करून पाहिली. ृ ची युक्ती झकास आहे, पण मराठी लेयरमध्ये अन्डू करायला गेलं की पान मोठं होतं?

---

पायमोडका_ष

होणारच. त्या जागी आता बरोबरचं चिन्ह आहे, आणि कंट्रोल + ते म्हणजे झूम. कनाटात कंट्रोल धरलेला असताना जुनाच कोड जाईल अशी अट घाला. बोर्डावर क्यूएमकेतलं की ओव्हरराइड वापरा: मराठी लेयर, कंट्रोल, बरोबरचं चिन्ह, त्याऐवजी कंट्रोल + झेड. व्हायलमध्ये हे खिडकीतून भरता येतं, त्याच धर्तीच्या व्हायामध्ये नाही. नाव सारखं असलं तरी फर्मवेअर निवडताना बघून घ्या.

---

रांगेत_राहा

एवढा खटाटोप नको असेल तर तिसरा रस्ता आहे. कॉलम वरखाली न सरकवता नेहमीच्याच रांगा मधून कापलेले स्प्लिट मिळतात: कीक्रॉन क्यू११, किनेसिस फ्रीस्टाइल२. ड, ञ, ॉ, ृ सगळं मूळ जागी, नंबर रो सकट. क्यू११ धातूचा आणि जड आहे, पिशवीत घालून फिरवायचा नाही. तोटा असा की उजव्या करंगळीची ॉ पर्यंतची धाव तशीच राहते, आणि करंगळी दुखते म्हणूनच स्प्लिट घेत असाल तर उपयोग अर्धाच. रेमिंग्टन मांडणीवाल्यांना मात्र मी दुसरं काही सुचवणार नाही, त्यांची अक्षरं नंबर रोवरही पसरलेली आहेत. रोमन अक्षरांनी फोनेटिक लिहिणाऱ्यांना ही सगळी चर्चा लागू नाही, त्यांना ४२ सुखाने पुरतील.

---

लेयर_शून्य

मुलुंडकर, तुमच्या कामाला कॉर्न ४२. एसक्यूएलमध्ये आकडे सतत लागत असतील तर सोफल, पण आकड्यांसाठी, मराठीसाठी नव्हे. ऑर्डर देण्याआधी स्प्लिटकेबी या कीबोर्ड-दुकानाच्या तुलना-पानावरून दोन्हींचे आराखडे ए४ वर छापा. प्रिंटरमध्ये ‘पानात बसवा’ बंद, प्रमाण १०० टक्के. एमएक्सच्या दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर पट्टीने १९ मिमी भरलं पाहिजे, कमी भरलं तर छपाई आक्रसली आहे. कागदावर हात ठेवून ड आणि ॉ पर्यंत करंगळी मनगट न हलवता जाते का, आणि अंगठा आतल्या बाजूला न मुडपता शिफ्टवर पडतो का, एवढंच पाहा. अंगठा मुडपत असेल तर शिफ्ट आणि स्पेसची अदलाबदल करून परत ठेवून बघा.