संभाजीनगरला म्हाताऱ्या माणसांच्या प्रॉपर्टीचं बघणारा आणि नगररचना पण कळणारा वकील आहे का कुणाच्या ओळखीचा?

पुंडलिकनगरचा_पोरगा:
मंडळी, बाबा ७८ चे, एसटीतून रिटायर. गुंठेवारीतलं (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जागेतलं) २० बाय ३० चं घर, ९४ ला नुसत्या बाँडवर, म्हणजे स्टँप पेपरवर लिहून घेतलेला प्लॉट. आता धाकटा म्हणायलाय बक्षीसपत्र करून द्या मी सांभाळतो, आणि वरून एक एजंट येऊन सांगून गेला की शहराच्या विकास आराखड्यात आमच्या घरावरून रस्ता जायलाय, अर्धं घर पडतंय, आत्ताच विकून मोकळे व्हा. बाबांना झोप येईना. दोन वकील झाले, एक म्हणे आराखड्याचं मला विचारू नका, दुसरा सरळ बक्षीसपत्राचा ड्राफ्टच काढून बसला. दोन्ही कळणारा कुणी असेल तर सांगा.

निवृत्त_पेशकार:
असा वेगळा बोर्ड लावून बसलेला वकील आपल्याकडं नसतो भाऊ, तो प्रकार अमेरिकेत. पण तुमची गाडी उलटी चाललीय. बाँडवर मालकी येत नाही, जागेची खरेदी रजिस्ट्रीशिवाय होत नाही, मग बाबा बक्षीस देणार कशाचं? आधी गुंठेवारीचं, म्हणजे घर नियमित करून घ्यायचं बघा. २००१ चा कायदा, २०२१ ला दुरुस्ती झाली अन् ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात बसायला लागली. पण रस्त्याच्या लाईनीत येतंय का ते पहिलं. महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या भागाचा नकाशा) काढा, एजंटच्या मोबाईलमधला फोटो नका बघू.

मंजू_जालना:
पोराच्या नावानं राहत्या घराचं बक्षीसपत्र करायला मुद्रांक २०० रुपये, म्हणून लोक पळत सुटतात. माझ्या मावशीनं असंच केलं. वर्षभरात तिची कॉट गॅलरीत आली ओ, पावसाचे शिंतोडे उडायचे अंगावर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेलं परत घेता येतं, पण तशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, सुप्रीम कोर्टानं २०२२ ला तेच म्हटलं. मावशीच्या दस्तात ती एक ओळच नव्हती. तुम्ही करणारच असाल तर ती ओळ घालूनच करा. आणि परत घ्यायचा अर्ज प्रांतसाहेबाकडं असतो, तिथं वकील लागतही नाही, तेव्हा त्यासाठी कुणी फी मागितली तर उठून या.

देवगिरीकर:
दादा, आहे एक जण. नगररचना खात्यात नोकरी केली, रिटायर झाल्यावर एलएलबी करून सनद घेतली. नाव इथं टाकत नाही, मेसेज करतो. माझ्या सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, आम्ही तिघं जावई-पोरं सोबत. पहिल्याच मिनिटाला आम्हाला म्हणाले तुम्ही खाली जाऊन चहा घ्या, मला फक्त काकांशी बोलायचंय. आमच्या मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. वर आलो तर टेबलावर भाग नकाशा पसरलेला, कोपऱ्यावर पेपरवेट, पट्टी लावून मोजायलेत. आम्हाला पण असंच सांगितलं होतं की घर जातंय. जात होती ती कंपाउंडची भिंत आणि संडासचा कोपरा. सासरे तिथंच खुदकन हसले. शेवटी बक्षीसपत्र नाहीच केलं, मृत्युपत्र केलं, कारण ते हयातीत कधीही बदलता येतं. थोडे कडक आहेत बोलायला, वेळ पाळा.

पुंडलिकनगरचा_पोरगा:
मेसेज आला, धन्यवाद. नकाशासाठी अर्ज टाकला. काका, बाँडची झेरॉक्स चालती का? ओरिजिनलला वाळवी लागलीय एका कडेला.

निवृत्त_पेशकार:
ओरिजिनलच न्या, वाळवीसकट. लाईट बिल, घरपट्टीच्या जुन्या पावत्या पण. लॅमिनेशन करू नका!

पुंडलिकनगरचा_पोरगा:
मंगळवारी साडेअकराला जायलो. धाकट्याला पण सांगितलं, तो म्हणतो मी येतो. बाबा म्हणायलेत पिशवी मीच धरणार, कुणाच्या हातात देणार नाही.