बिनसिमेंटचा पोरस कप किती वर्षं टिकतो?

कऱ्हाडचा_पाहुणा: नमस्कार मंडळी, धाकट्या भावाला एव्हीएन आहे (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरतं तो आजार), वय ४६, उजव्या खुब्याचा बॉल पार चपटा झालाय, मांडी घालणं सोडाच, बाईकवर पाय टाकता येत नाही. डॉक्टर म्हणतात खुबा बदलू, टायटॅनियमचा पोरस (बारीक छिद्रांचा) कप म्हणजे खुब्याची वाटी टाकू, सिमेंट नको, हाड त्यात वाढतं. पण नेटवर मेटल हिप परत मागवले, रक्तात कोबाल्ट जातं असलं वाचून आई हटूनच बसलीय. वीसेक वर्षांनी काय होतं, कुणाला अनुभव?

फिजिओ_ताई: दादा, दोन गोष्टींची खिचडी झालीय. २०१० मध्ये परत मागवला तो डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा हिप, त्यात बॉलही मेटल आणि वाटीची आतली बाजूही मेटल, दोन्ही एकमेकांवर घासून कण सुटायचे. पोरस असते ती कपाची हाडाकडची बाजू, तिथे घासाघासी नसते. हाड आत शिरायला सुरुवातीला कप घट्ट बसलेला लागतो, १५० मायक्रॉनच्या वर हलत राहिला तर हाडाऐवजी तंतूंचा पापुद्राच धरतो. त्यामुळे वॉकर कधी सोडायचा ते सर्जनच ठरवणार, शेजारचे काका नाही 😄

जुना_खुबा: माझा ९७ सालचा आहे. कप अजून जागचा हललेला नाही, पण आतलं प्लास्टिकचं लायनर झिजलं आणि त्या कणांमुळे कपामागचं हाड पोखरलं गेलं, दुखत काहीच नव्हतं, एक्सरेत कळलं. लायनर आणि बॉल बदलला, कप तोच. त्या काळच्या पोरस कपांची हीच रड. आता क्रॉसलिंक्ड प्लास्टिक असतं, ते बरंच कमी झिजतं. तरी दुखत नाही म्हणून एक्सरे चुकवू नका.

कऱ्हाडचा_पाहुणा: धन्यवाद दोघांनाही! आणि टँटलम धातूचा कप म्हणे अजून भारी, खर्च वाढला तरी तो घ्यावा का?

फिजिओ_ताई: टँटलम ७५-८० टक्के पोकळ असतं, स्पंजसारखं, त्याचा खरा उपयोग रिव्हिजनमध्ये (बसवलेला खुबा पुन्हा बदलायच्या ऑपरेशनमध्ये) किंवा हाड खूप गेलेलं असेल तर. पहिल्याच ऑपरेशनला हाड चांगलं असेल तर साधा पोरस टायटॅनियम पुरतो. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की साधारण ५८ टक्के हिप २५ वर्षं टिकतात, अर्थात त्यात जुनी डिझाइन्सच जास्त. भाऊ तरुण आहे, आयुष्यात एक रिव्हिजन धरूनच चाला. सर्जनना लायनर कसलं आणि बॉल सिरॅमिकचा की मेटलचा ते विचारा.

जुना_खुबा: आणि इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून घ्या, झेरॉक्स घरी ठेवा. लायनर बदलताना कप कुठल्या कंपनीचा, साइझ काय हे लागतंच, माझी फाइल सापडेना तेव्हा नुसत्या एक्सरेवरून ओळखत बसले होते डॉक्टर.