हैदराबाद मुक्तिसंग्रामावरची कादंबरी : भावना पोचली की झालं?

तेरणाकाठ
काल इथं एकानं लिहिलं, 'कादंबरी म्हणजे गॅझेटिअर नव्हे. 1938 च्या पोरांची तडफ भिडली की झालं. रुपया कोणता, गाडी कोणती याचा कीस कशाला?' हे मला अजिबात पटलेलं नाही.

निजामाच्या संस्थानात वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांनी 1938 मध्ये चळवळ केली, तिच्यावरच्या कादंबरीत नायक औरंगाबादला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतो. अहो, 1938 मध्ये औरंगाबादला इंटरपर्यंतच कॉलेज होतं. बी.ए. करायचं तर बहुतेकांना हैदराबादला उस्मानिया, तेही उर्दू माध्यमात. आता हा पोरगा गाणं म्हटलं म्हणून काढला गेला, तर त्याचं गेलं काय? संस्थानात दुसरं विद्यापीठच नाही. वसतिगृह सुटलं. मग औरंगाबादहून छोट्या लाईननं मनमाड, तिथं मोठ्या लाईनची गाडी, भुसावळवरून नागपूर. नागपूर विद्यापीठानं या मुलांना प्रवेश दिला, पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच. पण तिथं उर्दूत शिकलेलं सगळं इंग्रजीत नव्यानं शिकायचं. गाण्याची किंमत ही होती. लेखकाला ती माहीत नसेल तर तो तडफ कशाच्या जिवावर दाखवणार? नुसत्या घोषणांच्या?

शिवाय 1938 च्या प्रकरणात कासिम रझवी खलनायक! रझाकारांचा हा म्होरक्या, लातूरचा वकील, निजामाच्या बाजूच्या इत्तेहादुल मुस्लिमीन संघटनेचा अध्यक्ष झाला 1946 च्या अखेरीस.

जुना मोंढा
सर, एवढं सगळं घातलं तर वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. आजच्या पोरांना 17 सप्टेंबर म्हणजे झेंडावंदन, एवढंच ठाऊक. त्यांना आधी ओढून तर आणा. काँग्रेसच्या पोरांनी लुटलेल्या उमरी बँकेचं प्रकरण घ्या : रात्र, चार घोडी, चांदीच्या रुपयांची पोती. अंगावर काटा येतो. तिथं तारखा मोजत बसायचं का?

पैनगंगा
बरं झालं उमरी काढली. हाली, म्हणजे निजामाचा रुपया 11.18 ग्रॅमचा. हजार रुपये म्हणजे अकरा किलोच्या वर. लाखाचं वजन होतं 1,118 किलो. चार घोडी ते घेऊन धावतील? मोठी रक्कम न्यायची तर नोटाच, आणि हैदराबादच्या नोटा 1918 पासून चालू होत्या.

पुढची अडचण तर कोणी लिहीतच नाही. संस्थानाची हद्द ओलांडून उमरखेडला चळवळीच्या छावणीत पोचलं की हाली पैसा परका. तिकडं कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया चालतो. सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै. मोड करून द्यायला भरवशाचा सराफ लागतो, तो वर बट्टा कापतो, आणि एवढी हाली एकदम बाहेर काढली की बोभाटा होतो. बंदूक चालवणाऱ्यापेक्षा हिशेब ठेवणाऱ्या पोराची छाती जास्त धडधडत असेल. ते पात्र कुठंय?

जुना मोंढा
तराजू घेऊन कादंबरी वाचता का तुम्ही? नाणी नव्हतीच असं सिद्ध करा मग!

पैनगंगा
नव्हती असं कुठं म्हटलं? असली तर बैलगाडी लागणार, कच्च्या रस्त्यानं तिची चाल माणसाच्या पावलाएवढी, आणि मागून पोलीस. उलट भीती वाढतेच की. आणि तारीख मोजायचीच. 30 जानेवारी 1948. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. काँग्रेसची पोरं इकडं हत्यार घेऊन बँकेत, तिकडं ही बातमी. मुक्कामावर ती कळल्यावर एकमेकांशी काय बोलली असतील? अख्खं प्रकरण तिथं पडलंय आणि तुम्ही घोडी पळवताय.

औरंगपुरा
दोघंही नाण्यात अडकलात. 1938 ला अठराचा असलेला पोरगा सप्टेंबर 1948 ला अठ्ठावीसचा. भारतीय फौजेच्या पोलीस ॲक्शननं निजाम शरण आला, त्या 17 तारखेला कादंबरी तिरंग्यावर संपते. पुढच्या आठवड्यांत तो कुठं होता? भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं त्या काळातल्या हिंसाचारात 27 ते 40 हजार माणसं, बहुतेक मुसलमान, मेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वांत वाईट जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत.

जुना मोंढा
आलंच हे! रझाकारांनी, रझवीच्या त्या हत्यारबंद टोळ्यांनी गावं जाळली ती विसरायची? दर सप्टेंबरला हाच सूर.

औरंगपुरा
कोण म्हणतंय विसरा? ती जाळपोळ पूर्ण लिहा, गावानिशी लिहा. पण 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खानही लिहा. भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं लिहायचा म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्याला हैदराबादेत मारलं. तोही तरुणच होता. तुमच्या कादंबऱ्यांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत, याचा मला राग आहे.

तेरणाकाठ
ताईंशी मी सहमत. माझा मूळ मुद्दाही तोच. महिने नीट मांडले की हे प्रश्न आपोआप उभे राहतात. धूसर ठेवले की लेखकाची सुटका होते.

जुना मोंढा
बरं. मनमाड-नागपूरचं मान्य, त्यानं कथा खरंच वर जाते. नाण्यांचंही मान्य करतो, घोडी काढा. शोएबुल्ला यायलाच हवा. पण पोलीस ॲक्शननंतरचं वेगळ्या पुस्तकात. एकाच कादंबरीवर किती लादणार?

पैनगंगा
वेगळं कसं करणार? सरहद्दीवरच्या छावण्यांतली पोरं 17 सप्टेंबरनंतरच गावी परतली. गावात शिरल्यावर त्यांनी काय पाहिलं, कोणाला वाचवलं, कुठं गप्प बसली, हे त्याच पोरांचं आहे. त्यांच्या कादंबरीतून ते काढता येत नाही.

जुना मोंढा
शेवटचं प्रकरण करा मग. पण रझाकारांचं प्रकरण त्याच्या आधी, आणि पूर्ण लांबीचं. त्यात एक पान कमी झालेलं मी चालवून घेणार नाही.