गेमिंग पीसी घेताना कोअर मोजायचे का? आणि विंडोजशिवाय चालतं का?

गंगापूररोडकर

सिडकोतला भाचा परवा कोटेशन घेऊन घरी आला. बारावी झाली, भाऊजींनी पीसीला होकार दिलाय, बजेट पंचाहत्तर हजार. कागदावर सोळा कोअरचा (एकाच चिपमध्ये स्वतंत्र काम करणारे सोळा भाग) प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम आणि उरल्यासुरल्या पैशात बसेल ते ग्राफिक कार्ड. दुकानदाराने सांगितलं, "गेमिंगला कोअर जितके जास्त तितकं बरं, पाच वर्षं बघायला नको." पोरगं खूश. मला मात्र तो कागद बघून वाईट वाटलं. तेवढ्याच पैशात त्याचे गेम याहून कितीतरी चांगले चालतील.

सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) हवे असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवे असतील तर सातच्या आत. तेवढ्यात गेमचा मुख्य थ्रेड (एका कोअरवर ओळीने चालणारं काम) माउस-कीबोर्ड वाचतो, कोण कुठे आहे ते ठरवतो आणि ग्राफिक कार्डाला काय काढायचं ते सांगतो. काही कामं वाटता येतात, पण हा मुख्य थ्रेड वाटता येत नाही. द्राक्षतोडणीला वीस माणसं लावता येतात, वजनकाटा एकच असेल तर गाडी काट्याच्या वेगानेच भरते.

पुरावा म्हणून एएमडीच्याच दोन चिप घ्या. रायझन ७ ५८००एक्स आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेली ५८००एक्स३डी. दोन्ही आठ कोअरच्या. ३डीवालीचा कमाल वेग कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. फरक एल३ कॅशेचा (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी), ३२ एमबी विरुद्ध ९६ एमबी. गेममध्ये ती ५८००एक्सच्याच नाही, सोळा कोअरच्या ५९५०एक्सच्याही पुढे गेली. प्रोसेसरचा बराच वेळ रॅमकडून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो. माहिती जवळच्या कॅशेत सापडली की ती वाट वाचते.

माझा स्वतःचा अनुभवही तोच. बी४५० मदरबोर्डावर रायझन ५ २६०० होता, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० बसवला. कोअर तेव्हाही सहा, आताही सहा. सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये स्मोक (धुराचा बॉम्ब) फुटला की चित्र अडखळायचं, ते थांबलं.

म्हणून माझं मत: सहा कोअर, चांगलं कार्ड, रॅमच्या दोन कांड्या. आता भाच्याला लिनक्सचंही (विंडोजऐवजी वापरायची ऑपरेटिंग सिस्टीम) वेड लागलंय. त्यावरही बोला.

सातपूर_नाइटशिफ्ट

दादा, तुमचं गणित आजपुरतं बरोबर आहे, पण पीसी आजपुरता घेत नाही कोणी. २०१७ मध्ये मला असंच सांगितलं होतं, "गेमिंगला चार कोअर बास." इंटेलचा आय५-७६००के घेतला, चार कोअर, चार थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं). दोन-तीन वर्षांत नवे गेम लागले की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि चित्र झटके देणार. ज्यांनी त्याच काळात सहा कोअरचा पहिला रायझन घेतला त्यांचं सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) माझ्यापेक्षा कमी होतं, पण नंतर त्यांच्या मशीन टिकल्या आणि माझी विकावी लागली. पगारातून साठवलेले पैसे होते ते.

पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स, दोन्ही गेम कन्सोलमध्ये आठ कोअर, २०२० पासून. मोठे गेम त्या आठ कोअरच्या हिशोबाने लिहिले जातात. शिवाय पोरगं नुसता गेम चालू ठेवणार का? मागे डिस्कॉर्ड (गप्पांचं ॲप), ब्राउझर, रेकॉर्डिंग. सरासरीवर जाऊ नका, सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम बघा. हात तिथेच चुकतो.

गंगापूररोडकर

चार थ्रेडचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मी सहा कोअर, बारा थ्रेड म्हणतोय. आणि उलटा अनुभवही याच बाजाराने घेतलाय. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० आठ कोअर म्हणून विकला गेला आणि गेममध्ये चार कोअरच्या आय५-२५००के च्या मागे राहिला. कोअरचा आकडा मोठा होता, एकेक कोअर मंद होता.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर एनव्हिडियाच्या कार्डात त्यासाठी वेगळा एन्कोडर (व्हिडिओ तयार करणारा भाग) असतो. ते काम प्रोसेसरवर टाकायचं कारणच नाही.

कॉलेजरोड_रेंडर

मी आर्किटेक्चर शिकतेय, ब्लेंडर या ३डी सॉफ्टवेअरमध्ये रात्र-रात्र रेंडर (मॉडेलवरून चित्र काढणं) लावते. प्रोसेसरवर रेंडर करताना सोळा कोअर खरोखर सोळा कोअरसारखे राबतात, कारण तिथे प्रत्येक तुकडा वेगळा काढता येतो. मुलगा पुढे काय शिकणार आहे ते आधी विचारा. नुसते गेम असतील तर गंगापूररोडकरांचं बरोबर.

पंचवटी_पेंग्विन

कोअरवर दोघे भांडताय, पण ते कोअर कोणाला कधी द्यायचे हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते.

इंटेलने २०२१ च्या शेवटी बाराव्या पिढीत दोन जातींचे कोअर आणले, वेगवान आणि काटकसरी. सुरुवातीला काही गेमच्या कॉपी-संरक्षणाला काटकसरी कोअर म्हणजे दुसरंच मशीन वाटायचं आणि गेम बंद पडायचा. मग बायोसमध्ये सोय आली, स्क्रोल लॉक दाबा आणि ते कोअर झोपवा. एएमडीच्या ७९५०एक्स३डीमध्ये सोळा कोअर आठ-आठच्या दोन तुकड्यांत आहेत, जादा कॅशे एकाच तुकड्यावर. गेम चुकीच्या तुकड्यावर गेला की कॅशेला दिलेले पैसे वाया. विंडोजवर ती निवड त्यातल्याच एक्सबॉक्स गेम बार या सोयीच्या भरवशावर होते. लिनक्सवर मी एका टास्कसेट आज्ञेने गेमला कोअर नेमून देतो आणि तो तिथेच राहतो.

"लिनक्सवर गेम चालत नाहीत" हे २०१८ च्या आधीचं बोलणं आहे. त्या ऑगस्टमध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं. त्यात डायरेक्टएक्सच्या (विंडोजची ग्राफिक भाषा) आज्ञा व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणारी तशीच भाषा) फिरवल्या जातात आणि विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो. व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक बघा: चार कोअर, आठ थ्रेड, आर्च लिनक्सवर उभं असलेलं स्टीमओएस, आणि त्यावर लोक मोठमोठे गेम खेळतात. सीएस२, डोटा २ तर मुळातच लिनक्ससाठी मिळतात. आणि विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांच्या मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत त्यांनी चांगलं चालणारं हार्डवेअर भंगारात द्यायचं का? याची मला मनापासून चीड येते.

नाशिकरोड_कॅफे

पेंग्विनभाऊ, माझ्या कॅफेत बारा मशीन आहेत. संध्याकाळी क्लास सुटला की पोरं येतात आणि पहिला प्रश्न, "व्हॅलोरंट आहे ना?" त्याचं व्हॅनगार्ड (खेळातली फसवणूक पकडणारं अँटी-चीट सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही, पीसीवरचं पबजी चालत नाही. एपेक्स चालत होता, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी तोही बंद केला. मित्र पाचजण खेळतायत आणि हा एकटा बाहेर, त्या एफपीएसचं काय करायचं? सिस्टीम गेमवरून ठरते. पोरगं ऑनलाइन खेळत असेल तर विंडोज ११, विषय संपला.

आणि विंडोज हळू म्हणणाऱ्यांनी आधी मशीन नीट लावावी. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या निम्म्या मशीनमध्ये रॅमची एकच कांडी असते आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) बंद. ३२०० ची रॅम घेतलेली, चालतेय २१३३ किंवा २४०० वर. दोन कांड्या लावून एक्सएमपी चालू केलं की गिऱ्हाईक विचारतं प्रोसेसर बदलला का.

वीज आणि उन्हाचंही बोला. एप्रिल-मे मध्ये नाशिकला पारा चाळिशीला जातो, खोलीत एसी नाही. ५६०० ची चिप ६५ वॉटची, सोळा कोअरची ७९५०एक्स १७० वॉटची. मोठा कूलर, मोठा यूपीएस, सगळं त्यावरून वाढतं. वळवाच्या पावसात लाइट किती वेळा जाते ते नाशिकरोडला येऊन बघा.

पंचवटी_पेंग्विन

व्हॅलोरंटचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण ती लिनक्सची असमर्थता नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय, या दोन्ही अँटी-चीट सॉफ्टवेअरनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडलं. ते वापरायचं की नाही हे गेमवाली कंपनी ठरवते. खेळण्यासाठी कर्नलपर्यंतचा (सिस्टीमच्या गाभ्यापर्यंतचा) ताबा द्यायचा, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

भाच्याला एक मात्र नक्की सांगा: लिनक्स लावणार असेल तर कार्ड एएमडीचं घ्यावं. त्याचा ड्रायव्हर सिस्टीमसोबतच येतो. एनव्हिडियावर डायरेक्टएक्स १२ चे गेम विंडोजच्या तुलनेत मागे पडतात, हे मी लिनक्सवाला असूनही सांगतो.

गंगापूररोडकर

भाच्याला फोन केला. रोज व्हॅलोरंट, शनिवार-रविवार एकट्याने खेळायचे मोठे गेम, आणि पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. रेंडरिंग नाही. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ.

तर यादी अशी केली: ५६००, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन कांड्या, वाचलेले सगळे पैसे एएमडीच्या कार्डात. विंडोज ११ एका एसएसडीवर, दुसऱ्या छोट्या एसएसडीवर लिनक्स. कोडिंग शिकायलाही तेच लागेल.

सातपूर_नाइटशिफ्ट

सहा कोअरवर मी अजून राजी नाही. पण एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड घेताय म्हणून गप्प बसतो. त्याच सॉकेटवर पुढे आठ कोअरचा ५७००एक्स बसतो, माझ्या ७६००के च्या बोर्डावर तो रस्ता नव्हता. फक्त बोर्ड घेताना व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) आहे का ते बघा. सगळ्यात स्वस्त बोर्डावर तो नसतो.

नाशिकरोड_कॅफे

आणि विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंग चालू करा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला दोन्ही लागतात, नंतर गेम उघडत नाही म्हणून पोरगं रडत बसेल. लिनक्सही टाकणार आहात, तर सिक्युअर बूट चालू असताना उठणारं घ्या, उबुंटू किंवा फेडोरा. सामान आलं की रविवारी सकाळी अकराच्या आत घेऊन या, दुपारनंतर गर्दी असते.