‘रस्त्यावरची माणसे’ म्हटले की माणसे का रागावतात?

पळसपान :
दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात छायाचित्रांचे एक छोटे प्रदर्शन भरते आहे. छायाचित्रे माझ्या भाच्याची आहेत. तो नागपुरात नोकरीला असून सुटीच्या दिवशी सीताबर्डी, महाल, इतवारी या भागांत पायी फिरतो. वाटेत एखादा चेहरा नजरेत भरला की त्या माणसाला थांबवतो, आपण कोण आणि फोटो कशासाठी हवा ते सांगतो, आणि तो हो म्हणाला तर जवळ उभे राहून त्याचे एकट्याचे छायाचित्र घेतो. इंग्रजीत या प्रकाराला ‘स्ट्रीट पोर्ट्रेट’ म्हणतात. फलकासाठी मराठी नाव शोधण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी सरळ ‘रस्त्यावरची माणसे’ असे लिहून दिले. भाच्याने तो मजकूर छायाचित्रातल्या एका गृहस्थांना मोबाईलवर पाठवला. त्यांची इतवारीत धान्याची जुनी पेढी आहे. त्यांचा लगेच फोन आला : “आजोबांपासून आमचे दुकान आहे. मी रस्त्यावर केव्हा आलो?”

त्यांचा राग मला समजतो. कर्जापायी शेत गेलेले कुटुंब ‘रस्त्यावर आले’ असेच आपण म्हणतो आणि आमच्या भागात हा नुसता वाक्प्रचार राहिलेला नाही. दुसरा पर्याय ‘अनोळखी चेहरे’ असा होता. तो वाचून वाचनालयाचे चिटणीस म्हणाले की हा फलक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर अधिक शोभेल, कारण बातमीत ‘अनोळखी’च्या पुढे ‘इसम’ येतो आणि त्याच्यापुढे काय येते ते सगळ्यांना माहीत आहे. ‘व्यक्तिचित्रे’ म्हणावे, तर वाचनालयात आलेला माणूस त्या नावाचे पुस्तक मागेल. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

मात्रा_वेलांटी :
दोष ‘रस्ता’ या शब्दाचा नसून त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाचा आहे. माणूस रस्त्यावर येतो तेव्हा तो बुडालेला असतो, रस्त्यावर उतरतो तेव्हा तो चिडलेला असतो आणि रस्त्याला लागतो तेव्हा त्याचे बरे चाललेले असते. मात्र ‘रस्त्यावरचा’ असे विशेषण केले की या तिन्हींपैकी पहिलीच छटा उरते, हे मान्य करावे लागेल. म्हणून माझी सूचना ‘पथ’ या शब्दाची आहे. पथनाट्य कोणाला खटकत नाही आणि २०१४ च्या कायद्यानंतर फेरीवाल्यालाही कागदोपत्री ‘पथविक्रेता’ म्हटले जाते. त्याच चालीवर ‘पथचित्रे’ म्हणावे. आणि मूळ प्रश्नात आपण एकाच परिच्छेदात ‘छायाचित्र’ही लिहिले आहे आणि ‘फोटो’ही लिहिला आहे. निदान प्रदर्शनात तरी एकच शब्द ठेवावा आणि तो मराठी असावा.

काळी_माती :
ताई, ‘पथचित्रे’ वाचून आमच्या गावचा माणूस सडकेची चित्रे पाहायला येईल आणि खड्डे मोजून परत जाईल. आमच्याकडे रस्त्याला सडक म्हणतात, पायाखालच्या चाकोरीला वाट म्हणतात, आणि पथ हा शब्द शाळेच्या संचलनानंतर कोणाच्या तोंडी येत नाही. ‘वाटेवर भेटलेली माणसे’ असे का म्हणू नये? ‘वाट’ या शब्दाला कोणताही डाग लागलेला नाही.

मात्रा_वेलांटी :
‘वाट लागणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे पोहोचला नसेल तर आनंद आहे.

सावजी_रस्सा :
छबी! इतका गोड शब्द हाताशी असताना ही ओढाताण कशासाठी चालली आहे? ‘नागपूरच्या छबी’ म्हणावे आणि मोकळे व्हावे. माझी आजी फोटोला छबीच म्हणत असे. देवाचा छबिना निघतो, तोही याच शब्दावरून आला असावा, कारण पालखीत देवाची छबीच तर मिरवली जाते.

जुनी_सनावळी :
छबिन्याचा छबीशी संबंध नाही. फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र; ‘शबीना’ म्हणजे रात्रीचे. रात्रीच्या गस्तीच्या तुकडीलाही छबिना म्हणत आणि देवाची पालखी रात्री निघते म्हणून तिलाही तेच नाव मिळाले. ‘छबी’ मात्र संस्कृत ‘छवि’पासून आली आहे. छवी म्हणजे कातडी, कांती, तेज.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. छायाचित्रात उमटलेला पहिला माणूस म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो रस्त्यावरचाच एक अनोळखी माणूस आहे. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक, फ्रान्सचे दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र खिडकीतून घेतले. कॅमेऱ्यातल्या धातूच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत असल्यामुळे चालणारी माणसे आणि धावणाऱ्या गाड्या त्यात उमटल्याच नाहीत. एक माणूस बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय वर ठेवून उभा होता, तेवढा उमटला. तो कोण होता हे आजवर कोणाला कळलेले नाही. पळसपान यांचा भाचा माणसांना ‘थांबवतो’ असे त्यांनी लिहिले आहे, ते क्रियापद मला फार महत्त्वाचे वाटते. ‘थांबलेली माणसे’ हे नाव विचारात घ्यावे.

काळी_माती :
थांबलेले म्हणजे घड्याळ किंवा काम. माणूस थांबला म्हटले की आमच्याकडे कोणीतरी डोक्यावरचे फडके काढते.

डोळस :
मी स्वतः अमरावतीत अशी छायाचित्रे करतो, म्हणून नामापेक्षा क्रियापदाविषयी थोडे लिहितो. वर्तमानपत्रे सर्रास ‘चेहरे टिपले’ असे लिहितात आणि मला ते मुळीच आवडत नाही. चिमणी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो आणि शिकारी नेम धरून सावज टिपतो. या तिन्ही ठिकाणी ज्याला टिपले जाते त्याला कोणी काही विचारत नाही. लांबून, न विचारता घेतलेल्या चित्राला हे क्रियापद अगदी योग्य आहे. २०० मिलिमीटरच्या, म्हणजे लांबचे जवळ दाखवणाऱ्या, भिंगाने पाच मीटरवरून कमरेपर्यंतचा माणूस चौकटीत येतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. तेवढेच चित्र ८५ च्या भिंगाने हवे असेल तर दोन मीटरवर जावे लागते, आणि दोन मीटरवर उभे राहून कोणी मुकाट्याने चेहऱ्यावर कॅमेरा रोखला तर समोरचा विचारणारच की, “काऊन रे बाबू, काय काम हाय?” तेव्हा बोलावेच लागते. ३५ च्या भिंगाने चेहरा भरून घ्यायचा तर त्याहून जवळ जावे लागते, पण मग नाक मोठे दिसू लागते आणि ज्याचे नाक आहे तो नाराज होतो. म्हणजे शब्द कोणता वापरायचा हे पुष्कळदा भिंगच ठरवते.

जवाहर गेटाजवळ पाट्याला टाकी लावणाऱ्या एका बाई बसतात. त्यांच्या पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी बसलेली होती आणि घामाने तिची कडेला रेघ झालेली होती. मी विचारले तेव्हा त्यांनी छिन्नी खाली ठेवली, पदराने सगळा चेहरा स्वच्छ पुसून काढला, म्हणजे मला जे हवे होते तेच पुसून टाकले, आणि मग म्हणाल्या, “काढ बाप्पा, पण मले दाखवजो.” ती छायाचित्रे मी दाखवलीही आणि छापून दिलीही. या प्रसंगाला ‘टिपले’ कसे म्हणता येईल? ‘काढ’ हेच त्यांचे क्रियापद होते आणि मला तेच पुरेसे वाटते.

मात्रा_वेलांटी :
‘काढणे’ हे क्रियापद चित्राकडून आले आहे आणि म्हणून ते मलाही मान्य आहे. आपण रांगोळी काढतो, नक्षी काढतो, तसेच छायाचित्र काढतो. ‘फोटो घेणे’ ही मात्र इंग्रजीची सरळ नक्कल आहे. पळसपान, आपणही ‘छायाचित्र घेतो’ असे लिहिले आहे.

सावजी_रस्सा :
आणि ‘खिचणे’? नागपुरात अर्धी माणसे फोटो खिचतात.

मात्रा_वेलांटी :
ती अर्धी माणसे हिंदी बोलतात.

सावजी_रस्सा :
नाही, ती मराठीच बोलतात, फक्त पुण्याची बोलत नाहीत. १९५६ पर्यंत नागपूर हे आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होते. कचेरीत, बाजारात आणि शाळेच्या आवारात हिंदी रोज कानावर पडत होती. त्या काळात शेजारधर्माने आलेल्या शब्दाला आज घुसखोर ठरवणे योग्य नाही. शिवाय ‘खेचणे’ मराठीत आहेच. ‘खिचणे’ हे त्याचेच भावंड आहे.

मात्रा_वेलांटी :
दोर खेचतात, पाय खेचतात. चित्र खेचून काढायचे असेल तर समोरच्याची इच्छा नसणार, आणि मग डोळस यांच्या ‘टिपणे’विरुद्धच्या सगळ्या तक्रारी येथेही लागू होतात.

जुनी_सनावळी :
टिपण्याच्या बाजूनेही कोणी बोलले पाहिजे. कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार आपला कॅमेरा चमकू नये म्हणून त्याच्या धातूच्या भागावर काळी चिकटपट्टी लावत आणि लोकांच्या नकळत चित्र घेत. त्यांच्या १९५२ च्या पुस्तकाचे इंग्रजी नाव ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचे आहे आणि सर्वत्र तेच गाजले. मूळ फ्रेंच नाव मात्र वेगळेच आहे. त्यातला ‘आ ला सोव्हेत’ हा वाक्प्रचार विनापरवाना माल मांडून बसणाऱ्या आणि पोलीस दिसताच गाशा गुंडाळून पळणाऱ्या विक्रेत्यांसाठी वापरतात. म्हणजे ती घाईघाईने, चोरून उचललेली चित्रे होती आणि नावात तशी सरळ कबुलीही होती.

उलट विचारून, समोर बसवून काढलेली चित्रे नेहमी सभ्यच असतात असेही नाही. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांतली माणसे कॅमेऱ्यासमोर नीट उभी आहेत, पण बहुतेकांच्या चित्राखाली नाव नसून जात किंवा जमात लिहिलेली आहे. म्हणून क्रियापद कोणतेही वापरा, मला चिंता चित्राखालच्या ओळीची वाटते. भाच्याने नावे विचारून ठेवली आहेत काय?

पळसपान :
पहिले नाव आणि व्यवसाय विचारून ठेवला आहे. ज्यांनी नाव देऊ नका म्हणून सांगितले त्यांच्या चित्राखाली फक्त परिसर लिहिणार आहोत. पण फलकाचे अजून ठरलेले नाही. भाच्याने दरम्यान ‘तसबिरी’ असा शब्द सुचवला आहे.

काळी_माती :
तसबीर मुळीच नको. घरातल्या भिंतीकडे पाहा. तसबिरी एक तर देवांच्या असतात किंवा गेलेल्यांच्या असतात, आणि काचेवर कुंकवाचा ठिपका नाही तर हार असतो. आमच्या आत्याला तिच्या सुनेने साठीनिमित्त मोठी चौकट करून दिली तेव्हा आत्याने ती पलंगाखाली ठेवली आणि सांगितले की अजून भिंतीवर जायची वेळ आलेली नाही. इतवारीच्या त्या गृहस्थांना रस्त्यावर आणल्यानंतर आता आपण त्यांना हार घालणार आहात.

डोळस :
‘तोंडवळे’ कसे वाटते? ‘याचा तोंडवळा कोणासारखा तरी वाटतो’ असे आपण अनोळखी माणसालाच पाहून म्हणतो. नागपूरचे चेहरे दारव्ह्याच्या माणसांनी पाहायचे आहेत, तेव्हा अनोळखी माणसात ओळखीचे काही शोधणे हा त्यातला मुख्य आनंद असणार. ‘चेहरा’ फारसी आहे म्हणून कोणी आक्षेप घेण्यापूर्वीच मी घरचा शब्द देतो आहे.

मात्रा_वेलांटी :
‘चेहरा’ मराठीत इतका मुरला आहे की त्यावर आक्षेप घेण्याचा प्रश्नच येत नाही.

काळी_माती :
आणि फोटो मुरलेला नाही? मुरण्यासाठी किती वर्षे बरणीत ठेवावा लागतो, तेवढे एकदा ठरवून सांगावे.

जुनी_सनावळी :
चेहऱ्याविषयी थोडी भर घालतो. मुघल लष्करात ‘दाग’ आणि ‘चेहरा’ अशी पद्धत होती. घोड्याला डाग देत आणि शिपायाचे वर्णन, म्हणजे रंग, उंची, अंगावरच्या खुणा, कागदावर लिहून ठेवत. त्या लिखाणालाच चेहरा म्हणत, कारण हजेरीला एकाच्या जागी दुसराच माणूस उभा केला जाई आणि तो ओळखता यावा लागे. आपली ‘चेहरेपट्टी’ त्याच घराण्यातली असावी असे मला वाटते. छायाचित्र निघण्यापूर्वी अनोळखी माणसाचे चित्र असे शब्दांतच काढले जात होते. या दृष्टीने ‘चेहरेपट्टी’ हा शब्द फलकासाठी विचारात घेण्यासारखा आहे.

सावजी_रस्सा :
चेहरेपट्टी नको, कोणाला घरपट्टीची आठवण होईल आणि कोणीच आत येणार नाही.

पळसपान :
सोमवारी पेंटर दारव्ह्याहून येणार आहे. ‘तोंडवळे’ आणि ‘वाटेवर भेटलेली माणसे’ यांपैकी एकावर मत द्यावे अशी सर्वांना विनंती आहे.

मात्रा_वेलांटी :
‘तोंडवळे’ चांगले आहे, परंतु तोंडवळा हा बहुधा एकवचनीच वापरतात. त्याचे अनेकवचन कानाला सवयीचे नाही. दुसऱ्या नावात ‘भेटलेली’ हे विशेषण ठीक आहे, मात्र कोण कोणाला भेटले हे त्यातून कळत नाही.

सावजी_रस्सा :
अनेकवचनाचा विषय निघाला आहे म्हणून विचारतो. ‘फोटो’चे लिंग कोणते? माझ्या आजोळी कामठीला सगळे ‘माझी फोटो काढली’ म्हणतात आणि सासरी अकोल्याला त्यावर हसतात.

मात्रा_वेलांटी :
फोटो पुल्लिंगीच आहे. तो फोटो, ते फोटो. स्त्रीलिंग हिंदीतून आले आहे.

काळी_माती :
आमचा ‘फोटू’ तर मराठीतल्या लाडू, चाकू, खडू यांच्या रांगेत बसतो आणि ते सगळे पुल्लिंगीच आहेत, तेव्हा फोटूला तरी आपली मान्यता असायला हरकत नसावी.

मात्रा_वेलांटी :
वाळू स्त्रीलिंगी आहे आणि पाखरू नपुंसकलिंगी आहे.

सावजी_रस्सा :
मग कामठीची फोटो वाळूच्या रांगेत बसवा.