जुनं आउटबोर्ड बॅटरी चार्ज करत नाही, आधी काय तपासू?

मढ_बंदर
मंडळी, 40 एचपीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) आहे, सेल्फ स्टार्टवालं. इंजिन झकास चालतं, पण बॅटरी लगेच बसते, मग आहेच दोरी ओढणं. मेकॅनिक म्हणतो स्टेटर (वीज तयार करणाऱ्या कॉइलींचा संच) गेला, फ्लायव्हील (वरचं मॅग्नेटवालं जड चाक) उतरवून नवा टाकू. भाव ऐकून गप्प बसलो. पावसाळ्यात होडी वर ओढलेली आहे, तेव्हा स्वतःच तपासावं म्हणतो. मीटर कोणता घेऊ? सुरुवात कुठून करू?

वायरमन_काका
एवढ्यात फ्लायव्हीलला हात लावू देऊ नका. इंजिन चालतं म्हणजे चार्जिंग ठीक असं नाही. या इंजिनांत स्पार्कची कॉइल वेगळी, बॅटरीची वेगळी, फक्त मॅग्नेट तेच.

मीटर साधा डिजिटल पुरे, डायोड मोड तेवढा बघून घ्या. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) घेणार असाल तर डीसी मोजतो का ते विचारा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसीचे असतात.

बॅटरी बाहेरच्या चार्जरवर फुल करा, काही तास तशीच ठेवा. 12.6 व्होल्टच्या आसपास टिकली नाही तर दोष बॅटरीचाच. टिकली तर इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये न्यूट्रलला चालू करा (कोरडं नको, इम्पेलर म्हणजे थंड पाणी ओढणारं रबरी चक्र जळेल). आयडलला फारसं दिसणार नाही, रेस वाढवा. बॅटरीवरचा आकडा 13.5 ते 14.5 कडे चढला पाहिजे. रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) नसलेलं इंजिन याच्याही वर जातं, म्हणून त्याला सीलबंद बॅटरी लावू नये.

आणि चालू इंजिनाची बॅटरी वायर काढून 'बघतो जरा' असं करणारे असतात. रेक्टिफायर (कॉइलच्या एसीचं बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) तिथेच उडतो.

वरळी_नाखवा
काका बरोबर, पण त्याआधी वायरी बघ रे दादा. खाऱ्या हवेत लगच्या (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी रबर थोडं सोलून बघ, तांबं आत काळंहिरवं पडलेलं असतं. वरून वायर नवी कोरी! इंजिन रेसवर असताना मीटरची एक पिन रेक्टिफायरच्या लाल वायरवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर वायरच करंट खातेय. अर्थिंगच्या बाजूलाही तसंच. आणि मधला फ्यूज.

मढ_बंदर
मोजलं. बॅटरी 12.6 ला टिकते. इंजिन रेसवर असतानाही तेवढीच, हलत नाही. वायरी कापून नवे लग मारले, फ्यूज ठीक. आता?

वायरमन_काका
इंजिन बंद करा, बॅटरीच्या वायरी सोडवा. स्टेटरकडून रेक्टिफायरला येणाऱ्या दोन वायरी सुट्या करा. बऱ्याच मेकमध्ये पिवळ्या, यामाहाला हिरव्या. घरच्या वायरिंगसारखी हिरवी म्हणजे अर्थिंग समजू नका! दोघींमध्ये ओहम अगदी कमी यावेत, एक-दोनच्या आत. इंजिनाच्या बॉडीशी मात्र दोन्हींचा काहीच संबंध दिसता कामा नये. हे जुळलं तर कॉइल बहुतेक शाबूत. मग रेक्टिफायर डायोड मोडवर: स्टेटरच्या वायरी लागतात त्या त्याच्या दोन्ही टोकांपासून लालपर्यंत आणि बॉडीपर्यंत, पिना उलटसुलट करून. एकीकडून 0.5 च्या आसपास, दुसरीकडून काही नाही. दोन्हीकडून सारखंच आलं तर गेला.

गोराई_खाडी
मध्येच बोलतो. लोड किती आहे? अशा इंजिनाची कॉइल 6 ते 10 अँपियरची, तीही पूर्ण रेसला. 60 वॉटचा एक हॅलोजन 5 अँपियर खातो. वर जीपीएस आणि फिशफाइंडर. जाळं टाकताना इंजिन हळू असतं, तेव्हा कॉइल काय देणार? एलईडी लाव.

मढ_बंदर
हॅलोजन आहेच, काढतो. कॉइल ठणठणीत निघाली. रेक्टिफायर एका टोकाला दोन्हीकडून शून्य दाखवतो. लॅमिंग्टन रोडला 35 अँपियरचा चौकोनी ब्रिज (तयार रेक्टिफायर) मिळतो, तो चालेल का? इंजिनाला रेग्युलेटर नाही.

वायरमन_काका
रेग्युलेटर नाही ना, मग चालेल. प्लसवर खूण असते, त्याच्या तिरक्या समोर मायनस, उरलेले दोन स्टेटरचे. उलटं लावलंत तर लगेच उडेल. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारी) लावून घट्ट बसवा, गरम होतो. आरपीएम मीटर असेल तर त्याची वायर जुन्या रेक्टिफायरवर कुठे होती ते काढण्याआधी फोटो काढून ठेवा.