रस्त्यावरचं कुत्रं घरात आलं, राहिलं आणि गेलं : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

आपल्याकडे कुत्रं पूर्वीपासून आहे, पण ते वस्तीवर, गोठ्यापाशी, राखणीला. उचलून आणलेलं गावठी कुत्रं घरात झोपतंय, म्हातारं होतंय, त्याच्या औषधांचा वेगळा डबा आहे, हे तसं नवीन. पिल्लू कसं सांभाळावं हे सगळे सांगतात. शेवटचं वर्ष कसं काढायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. कुत्रं कसं आलं, कसं रुळलं आणि शेवटी तुम्ही काय ठरवलंत, ते लिहा. ‘कुत्रंच तर होतं’ हे ऐकून गप्प बसलेल्यांनी तर नक्कीच लिहा.

सुरुवात मी करतो. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. चंपीला हायवेवर गाडीनं उडवलं होतं. मागचा डावा पाय वाचण्यासारखा नव्हता, डॉक्टरांनी काढला. आईची अट होती, जखम भरेपर्यंत जिन्याखाली राहील, उंबऱ्याच्या आत नाही. जखम भरली आणि पावसाळा लागला. पावसात काय बाहेर ठेवायचं म्हणून आत घेतली, ती आतच राहिली. तीन पायांवर अजिंक्यताऱ्याचा चढ ती माझ्या आधी चढायची. उतरताना मात्र उचलून घ्यावी लागायची, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. दरवाजाशी आलो की बसकण मारून माझ्याकडे बघत राहायची.

शेवटी किडन्या गेल्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडन्या चालल्या नाहीत की साठणारी घाण, वाढत राहिलं. कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टरांनी घरीच शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची, पाणी आत जाऊन उंटासारखा फुगवटा येतो आणि काही तासांत जिरतो. त्यावर बरेच महिने बरे गेले. मग तिनं सुकटीकडेही बघणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही ठरवा. आई म्हणाली, “हाल बघवत नाहीत, पण मी हो म्हणणार नाही. तू म्हण.” मी म्हटलं. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. ती झोपल्यावर भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून. चंपी आपल्या गोधडीवरच होती. आई स्वयंपाकघरात थांबली होती, पण गोधडी सकाळी तिनंच धुऊन घातली होती.

गावभागवाला, सांगली

आमचं कुत्रं पुरानं आणून दिलं. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलेलो. खालच्या दुकानाच्या पत्र्यावर एक कुत्रं दिवसभर उभं. पत्रा बुडायला लागला तसं पोहत जिन्यात आलं आणि वर येऊन थेट बाबांच्या खाटेखाली. बोट आली तेव्हा बोटवाला म्हणाला, आधी माणसं. त्याचंही बरोबर होतं. बाबा म्हणाले, “मग मी पुढच्या खेपेला येतो.” पुढच्या खेपेला कुत्र्यासकट आले.

नाव अर्थातच आयर्विन. हाक मात्र ‘आयर्व्या’. पाण्याची भीती कायमची बसली होती, आंघोळ म्हणजे सगळ्या घराचा कार्यक्रम. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा सगळी गल्ली फोनवर ‘फूट किती, फूट किती’ करत होती आणि हा गडी आधीच गच्चीच्या दारात जाऊन बसलेला.

गेला तो गोचीड तापानं. डॉक्सीसायक्लीन चालू होतं, पण प्लेटलेट्स खूप खाली गेल्या, नाकातून रक्त यायला लागलं. इंजेक्शनचं ठरवायची वेळच आली नाही, पहाटे आपला आपण गेला. खरा प्रश्न त्यानंतर आला. फ्लॅटवाल्यानं कुत्रं पुरायचं कुठं? नदीकाठी नको, पुरात सगळं उघडं पडतं. शेवटी मित्राच्या कवलापूरच्या रानात नेला. त्याच्या चुलत्यांनी न विचारता कुदळ घेतली. कमरेइतका खड्डा, खाली-वर खडेमीठ, माती दाबून वर बोरीची काटेरी फांदी, म्हणजे दुसरी कुत्री उकरत नाहीत. ज्यांना रान नाही त्यांनी ही जागा आधीच बघून ठेवा. त्या वेळी डोकं चालत नाही.

शाहूपुरीची ताई

माझं थोडक्यात. पिल्लू आणलं, पार्व्हो (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा विषाणू) निघाला, आठवडासुद्धा लाभलं नाही. सांगायचं एवढंच की हा विषाणू घरात आणि अंगणात महिनोन् महिने टिकतो. फरशी ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसा, वाट्या-चादरी टाकून द्या, आणि लस न झालेलं दुसरं पिल्लू त्याच जागी लगेच आणू नका. पहिली लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. नाव ठेवलं नव्हतं अजून. त्यावरून घरात भांडण चालू होतं.

माणदेशी (लिहिणार पोरगा, सांगणार मी)

आमचा वाघ्या म्हसवडच्या बाजारात कुणीतरी सोडलेला. मेंढरामागं आला तो आलाच. लांडग्याच्या भ्यानं गळ्यात खिळ्याचा पट्टा घालायचो. बाजरीची भाकरी आन् ताक, दुसरं काय नाय. म्हातारा झाला, डोळं गेलं, तरी वाघरीभवती, म्हंजी मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाभवती, रात्री एक फेरी मारायचाच. जाळीला अंग घासत जायचा, त्यावरनं वाट कळायची त्याला.

वरचं वाचून दाखवलं पोरानं. सुई देऊन मारायचं मला काय पटत न्हाई. जीव ज्यानं दिला त्यानं न्यावा. वाघ्या चार दिस नुसता पडून होता, पाणी पाजायचो बोटानं. माझी कारभारीण म्हणत होती, डॉक्टरला बोलवा. म्या न्हाई बोलावला. तुमचं तुम्हाला, राग मानू नका.

मिरजेहून, जनावरांच्या दवाखान्यात काम करते

राग कसला, काका. तुमच्यासारखे रोज येतात आणि आम्ही जबरदस्ती करत नाही. पण बोटानं पाणी पाजायला माणूस शेजारी बसलेलं असणं, हे प्रत्येक कुत्र्याच्या नशिबी नसतं. ठरवताना आम्ही तीनच गोष्टी विचारतो. खातंय का, उठून बाहेर जाऊन शू करतंय का, तुम्ही आलात की शेपटी हलते का. सलग काही दिवस तिन्हीला ‘नाही’ आलं, की बोलू या म्हणतो.

उलट एक सांगते. मादीच्या किंवा नराच्या लघवीच्या जागी रक्ताळलेली, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसली की लोक ‘कॅन्सर झालाय, झोपवून टाका’ म्हणत आणतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांत ही गाठ भरपूर दिसते, एकमेकांकडून लागते. आठवड्याला एक असं व्हिनक्रिस्टीनचं इंजेक्शन, साधारण चार ते सहा, आणि बहुतेक कुत्री ठणठणीत बरी होतात. आमच्या दवाखान्याच्या दारात बसलेली काळी त्यातलीच. तेव्हा आधी तपासून घ्या, मग रडा.

निवृत्त मास्तर, सातारा

‘कुत्रंच तर होतं’ म्हणणाऱ्याला मी संगम माहुलीला घेऊन जातो. तिथं साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या (शिवाजी महाराजांचे नातू) खंड्या कुत्र्याची समाधी आहे, दगडात कोरलेलं कुत्रं. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. छत्रपतींना कुत्र्यासाठी दगड घडवावासा वाटला, तिथं आमच्या शेजाऱ्यांच्या मताला कोण विचारतो!

विश्रामबागची

सगळं वाचलं. आमच्याकडे दोन आहेत. थोरला तेरा वर्षांचा, आता जिना चढत नाही. तो गेल्यावर धाकटीला त्याच्यापाशी जाऊ द्यायचं की कोंडून ठेवायचं? सासूबाई म्हणतात, कोंडा.

धागाकर्ता

जाऊ द्या, ताई. चंपी गेली तेव्हा घरात बोका होता. त्यानं वास घेतला, थोडा वेळ बसला, उठून गेला. माझ्या मावशीकडे कुत्र्याला कोंडलं होतं, ते नंतर कितीतरी दिवस दारं हुंगत फिरत होतं. सासूबाईंना हे सांगून बघा. आणि थोरल्यासाठी रात्री येणारे डॉक्टर कोण आहेत, ते आत्ताच विचारून ठेवा. आम्हाला नेमका रविवार आला होता.